हॅलो या शब्दाची व्युत्पत्ती

इमारतीच्या वार्षिक सभेत ऑपरेटरसाहेबांनी 'हॅलो' या शब्दावर फक्त पाच मिनिटं बोलायचं ठरवलं होतं. पाच मिनिटांत माणूस कोणाचं असं काय वाकडं करणार, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या बायकोला तसं वाटत नव्हतं. "तुम्ही आभार मानायला उठलात तरी लोकांची जेवणं थंड होतात," ती म्हणाली. "आणि या शब्दाचा अर्थ तुम्हाला विचारलाय कोणी?"

कोणीच विचारला नव्हता. पण या शब्दावर ऑपरेटरसाहेबांचा जुना डूख होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी अख्खी नोकरी काढली, साध्या ऑपरेटरपासून सुपरवायझरपर्यंत चढले, आणि कामावर असताना एकदाही 'हॅलो' म्हटलं नाही. तसा नियमच होता. ऑपरेटरने 'नंबर प्लीज' म्हणायचं. हॅलो म्हणायचं ते गिऱ्हाइकाने. दिवसभर कानात पडलेले ते सगळे हॅलो, एकालाही उत्तर न देता, ते संध्याकाळी घरी घेऊन येत. निवृत्त झाल्यावर इतरांचे गुडघे दुखायला लागतात. ऑपरेटरसाहेबांना व्युत्पत्ती सुरू झाली.

त्याला कारण झाला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश. तो मूळचा लायब्ररीवाल्या बाईंचा. या बाई सर्वांत वरच्या मजल्यावर राहायच्या आणि त्यांच्या समोरच्या दारात राहायची आक्का, म्हणजे ऑपरेटरसाहेबांची थोरली विधवा बहीण. त्या मजल्यावर एवढीच दोन घरं. दोघी रोज दिवेलागणीला इंटरकॉमवर तासन्‌तास बोलत. मध्ये चार पावलांचा व्हरांडा, पण दार उघडलं की केस विंचरलेले हवेत, घर आवरलेलं हवं, चहा विचारायला हवा. फोनवर ही कटकट नव्हती. मग बाई वारल्या. पुतण्या आला, त्याने घर रिकामं केलं, भिंतीवरचा इंटरकॉम तेवढा तसाच ठेवला, दाराला कुलूप घातलं आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत येत नाही म्हणून सांगून गेला. शब्दकोश रद्दीत चालला होता. तो ऑपरेटरसाहेबांनी जिन्यातच अडवला.

कोशात 'हॅलो'ला अर्धं पान होतं. साहेबांनी ते इतक्या वेळा मोठ्याने वाचलं की बायको स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य सांगायला लागली. पहिला घोळ स्पेलिंगचा. एचनंतर कोणी ए लिही, कोणी ई, कोणी यू, कोणी ओ, आणि कोश सगळ्यांनाच हो म्हणत होता. ज्या खात्यात असा कारभार चालतो तिथे आपण एक दिवस टिकलो नसतो, असं साहेबांचं मत पडलं. पण खरी मेख पुढे होती. हा शब्द मुळात नमस्कार नव्हेच. ती हाक आहे. नदीच्या अलीकडच्या काठावर उभं राहून पलीकडच्या नावाड्याला मारायची, 'घ्यायला ये' अशा अर्थाची कुठली तरी जुनी हाक त्याच्या मुळाशी असावी, असं कोश म्हणत होता. 'असावी' हा कोशाचा शब्द. साहेबांनी भाषणात तो गाळला.

"म्हणजे बघा," सभेत ते म्हणाले, "फोन कानाला लावून आपण काय करतो? पलीकडे कोण आहे ते दिसत नाही, आणि आपण हाक मारतो. ये म्हणतो. आणि मंडळी, नावाडी काही गप्पा मारायला येत नसतो. तो न्यायला येतो."

हे शेवटचं वाक्य कोशात नव्हतं. ते साहेबांना उभ्या उभ्या सुचलं, आणि आवडलं म्हणून त्यांनी दोनदा म्हटलं. सभा एकदम गार झाली. एका बाईने मांडीवरच्या पोराला जवळ ओढलं. आदराची शांतता साहेबांच्या वाट्याला कधी फारशी आली नव्हती, त्यामुळे ती ओळखण्यात त्यांची चूक झाली. पहिल्या रांगेत आक्का बसली होती. बाई गेल्यापासून तिचं कशात लक्ष नसे, जेवतानासुद्धा ती ताटाकडे परक्याचं असल्यासारखी बघे. ती आज मान पुढे काढून एकेक शब्द ऐकत होती. बहिणीला आपला अभिमान वाटतोय हे पाहून ऑपरेटरसाहेबांना भरून आलं.

दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला बंद घरातला इंटरकॉम वाजला.

रिकाम्या घरात घंटा वेगळी वाजते. गाद्या, पडदे, कपाटं असली की ती आवाज मुरवून घेतात. काहीच नसलं की तो भिंतींना धरून खोल्याखोल्यांतून फिरतो आणि दाराखालच्या फटीतून जिन्यात येतो. तो सगळ्यांत आधी ऐकला बरोबर खालच्या मजल्यावरच्या विमा एजंटाने. लोकांना मरणाची आठवण करून देऊन पोट भरणारा हा माणूस, त्यामुळे स्वतः घाबरला की त्याला धंद्याचा अपमान झाल्यासारखं वाटे. दोन-तीन संध्याकाळी त्याने कळ काढली. मग तो सेक्रेटरींना घेऊन ऑपरेटरसाहेबांकडे आला.

"साहेब, तुम्ही यातले. बंद घरात फोन वाजू शकतो का?"

"न वाजायला काय झालं? इंटरकॉमला करंट खालच्या पेटीतून जातो. घरात माणूस असण्याची त्याला गरज नाही."

"वाजतो, वाजतो आणि थांबतो," एजंट म्हणाला. "म्हणजे कोणीतरी उचलतच असेल ना?"

"करणारा कंटाळून ठेवतो, म्हणून थांबतो."

"बरं, तसं धरू. पण रिकामं घर आहे हे माहीत असताना तिथे रोज फोन करणारा कोण?"

ऑपरेटरसाहेब कोश उघडून पानं चाळायला लागले, आणि एजंटाला काय समजायचं ते समजलं. तो घरी गेला. तोवर त्याच्या बायकोला सभेतलं वाक्य आठवलं होतं. त्या घरातल्या फोनवर कोणीतरी त्या काठावरून या काठावर यायला बघतंय, आपण उगीच हॅलो म्हणून आमंत्रण द्यायला नको, असा तिने निकाल दिला. इंटरकॉम उचलायचा आणि गप्प राहायचं. समोरचा आधी बोलला, मग आपण बोलायचं.

ही युक्ती तिने शेजारणीला सांगितली, शेजारणीने खाली सांगितली, आणि सबंध इमारतीने ती मनापासून उचलली. तिच्यातली खोट कोणाच्याच ध्यानात आली नाही. समोरचाही त्याच इमारतीतला होता. तोही आपण आधी बोलायची वाट बघत गप्प उभा राही. दोन्हीकडे माणसं, दोन्हीकडे श्वास, आणि शब्द नाही. मग दोघंही घामाघूम होऊन फोन ठेवत आणि दोघंही शेजारी जाऊन सांगत, आज आमच्याकडे आला होता. जितके फोन होत तितकी भुतं होत, खरं म्हणजे दुप्पट.

वॉचमनची तर पंचाईत झाली. पाहुणे आलेत हे कळवायला तो खालून फोन लावी, कानाशी नुसता श्वास ऐकून परत ठेवी आणि पाहुण्यांना म्हणे, "घरात कोणीतरी आहे, पण कोण ते सांगता येत नाही." पाहुणे आल्या पावली परत जात. एका मुलीला बघायला आलेलं स्थळ असंच गेलं. इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यातसुद्धा फोन उचलून गप्प राहायला सुरुवात केली, आणि आधीच दातांना हात लावू न देणाऱ्या त्यांच्या पेशंटांना निमित्तच मिळालं. ऑपरेटरसाहेबांच्या बायकोचे कान मात्र तिखट. एकदा तिने उचललेल्या फोनवर बराच वेळ घरघर ऐकून घेतली आणि म्हणाली, "नाक फार चोंदलंय. वाफ घ्या." पलीकडे सेक्रेटरी होते. फोनमधल्याला आपल्या प्रकृतीची खडानखडा माहिती आहे हे कळल्यावर ते दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत.

उठले ते थेट ऑपरेटरसाहेबांच्या दारात आले. "ऑपरेटरसाहेब, हे लफडं तुमच्या व्युत्पत्तीने झालंय. तुम्हीच निस्तरा. सभेपुढे माणूस उभा करा नाहीतर भूत उभं करा, पण काहीतरी करा."

सुपरवायझर म्हणून मान मिळवलेल्या माणसाला हे फार लागलं. त्यांनी इंटरकॉमच्या कंपनीला फोन लावला. बंद घराची लाइन तोडा, एवढीच मागणी होती.

"तक्रार ज्या फ्लॅटची आहे, त्या फ्लॅटमधल्या व्यक्तीनेच करावी लागते, सर," कंपनीतली मुलगी म्हणाली.

"त्या वारल्या आहेत."

"ओके सर. मग त्यांना त्यांच्या इंटरकॉमवरून एक फोन करायला सांगा. म्हणजे आम्हाला लाइन तपासता येईल."

"अहो, मी काय सांगतोय? त्या हयात नाहीत."

"समजलं सर. केव्हा येतील?"

आपल्या काळात असं बोललेल्या मुलीला आपण दिवसभर हेडफोन न देता बसवून ठेवलं असतं, असा विचार साहेबांच्या मनात आला. पण फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्या पाठीवर काटा आलाय. केव्हा येतील, हे तिने फार सहज विचारलं होतं.

शेवटी त्यांनी आपल्या विद्येचा आधार घेतला. इंटरकॉमची पेटी वॉचमनच्या खोलीत होती आणि तिच्यावर प्रत्येक घराचा एक बारीक दिवा होता. जो फोन करील त्याचा दिवा आधी लागे, ज्याला फोन जाई त्याचा नंतर. दिवेलागणीला साहेब पेटीसमोर स्टूल घेऊन बसले. एक्स्चेंज सुटल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्यासमोर असे दिवे होते, आणि भीतीतही त्यांना जरा बरं वाटलं. वॉचमन दाराबाहेर उभा राहिला. आत यायला त्याने नम्रपणे नकार दिला.

बाहेर उजेड ओसरला. पेटीवर वरच्या कोपऱ्यातला एक दिवा लागला, आणि लगेच त्याच्या शेजारचा लुकलुकायला लागला. वर, जिन्याच्या पार टोकाला, घंटा सुरू झाली.

लुकलुकणारा दिवा बाईंच्या घराचा होता. आधी लागलेला आक्काचा होता.

"कळलं का, साहेब?" वॉचमनने बाहेरून विचारलं.

"वायरिंगचा दोष आहे," ऑपरेटरसाहेब म्हणाले आणि उठले. आपल्या खात्यावर खोटा दोष त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच घेतला. लिफ्टने जावं हेही त्यांना सुचलं नाही. ते जिने चढत राहिले, आणि प्रत्येक मजल्यावर घंटा थोडी मोठी होत गेली. वरच्या व्हरांड्यात पोचले तेव्हा ती थांबली होती. बाईंच्या दारावरचं कुलूप जागच्या जागी होतं. आक्काचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आक्का फोनशेजारच्या खुर्चीत बसली होती. ठेवणीतली साडी, पायांत चपला, मांडीवर कापडी पिशवी. घरातले दिवे लावले नव्हते. ती या वेशात कोणाची तरी वाट बघत बसलीय हे कळायला साहेबांना वेळ लागला नाही.

"आक्का, हे काय चाललंय?"

"काही नाही रे. तिला फोन करतेय."

"कोणाला?"

"तूच म्हणालास ना त्या दिवशी," आक्का शांतपणे म्हणाली. "हॅलो म्हटलं की पलीकडून न्यायला येतात. मला इतके दिवस माहीतच नव्हतं. आम्ही रोजच्या रोज म्हणत होतो, पण अर्थ ठाऊक नव्हता. ती शिकलेली, तिला माहीत असणार. आता रोज म्हणते. ती काही उचलत नाही. चालायला जरा हळूच होती ती."

साहेबांनी पिशवीकडे पाहिलं. तिच्यातून स्वेटरची बाही बाहेर आली होती. "हे कशाला?"

"तिकडे गारठा असला तर? नदी म्हणालास ना."

ऑपरेटरसाहेब जमिनीवरच बसले. सभेत टाळ्या मिळाव्यात म्हणून उच्चारलेलं एक वाक्य आपल्या बहिणीने पिशवीत भरून ठेवलंय, आणि रोज चपला घालून ती त्याच्यासाठी तयार बसतेय. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"अगं, ते मी रंगवून सांगितलं," ते म्हणाले. "पुस्तकात फक्त नावाड्यापर्यंतच आहे. न्यायला येतो वगैरे माझ्या पदरचं आहे. आणि नावाड्याचंही पुस्तक नक्की म्हणत नाही. 'असावी' म्हणतं."

"मग 'असावी' एवढंही पुष्कळ झालं."

"आक्का, खाली चल आमच्याकडे. राहायला चल."

"दर वेळी म्हणतोस. काय करू मी तिथे? तुम्ही दोघं टीव्ही बघता. मला बोलायला कोणी लागतं, रे. ती गेल्यावर माझ्याशी कोणी काही बोललेलंच नाही. विचारपूस करता सगळे. बोलत नाही."

हे खरं होतं. साहेब रोज वर येत, औषध घेतलं का विचारत आणि जात. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू गेलीस तर मला लहानपणीचं कोण सांगेल?" ते म्हणाले. "मला अर्धंच आठवतं. बाकीचं तुझ्याकडे आहे."

आक्काने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा जरा हलला. पण पिशवी तिने सोडली नाही. "तिचं एकदा कळू दे," ती म्हणाली. "उचलणारच नसेल तर येते मी तुझ्याबरोबर. पण नक्की कळू दे."

"नक्की? मी दाखवतो नक्की." साहेब उठले. लाइन म्हणजे काय, घंटा म्हणजे काय, करंट कुठून जातो आणि माणूस नसलं की फोन कसा वाजतच राहतो, हे त्यांना इतकं ठाऊक होतं की त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी फोन उचलला आणि बाईंच्या घराचा नंबर दाबला. व्हरांड्यापलीकडे घंटा सुरू झाली. "ऐकलंस? वाजतेय. आता अशीच वाजत राहणार. कारण तिथे कोणी—"

घंटा थांबली.

फोन मेला तर कानात शांतता होते, ती साहेबांना ओळखू येई. लाइन तुटली तर वेगळी खरखर येते. हे यांतलं काहीच नव्हतं. पलीकडे फोन उचलला होता. मोठ्या रिकाम्या खोलीत कोणीतरी उभं राहिलं की जशी पोकळी ऐकू येते, तशी ऐकू येत होती, आणि तिच्यात एक श्वास होता, जिना चढून आल्यासारखा.

"उचलला?" आक्का खुर्चीतून उठली. तिच्या तोंडावर जे उमटलं ते साहेबांनी तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. तिने फोनसाठी हात पुढे केला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला.

आवाज बाईंचा होता. जिन्यात भेटल्यावर 'काय म्हणता' विचारणारा, थोडा घोगरा, सभ्य आवाज. पण आज तो विचारत नव्हता. साहेबांना आपण लिहून काढलेलं सगळं भाषण आठवलं. अलीकडचा काठ कोणता आणि पलीकडचा कोणता, याचा आपण सभेत विचारच केला नव्हता, हेही त्यांच्या लक्षात आलं. तिकडून हाक आली होती, आणि ज्याला हाक मारली त्याने फक्त ओ द्यायची राहिली होती. आक्काची बोटं फोनच्या वायरीला लागली.

ऑपरेटरसाहेबांनी आयुष्यभर लोकांना जोडून दिलं होतं. रडणाऱ्यांना, भांडणाऱ्यांना, रात्रपाळीत चोरून बोलणाऱ्यांना. बोलणं चालू असताना लाइन तोडणं हा त्यांच्या खात्यात सर्वांत मोठा गुन्हा. त्यांनी आक्काकडे पाठ केली, फोन दोन्ही हातांत घट्ट धरला आणि सुपरवायझरच्या कडक आवाजात म्हणाले, "राँग नंबर."

फोन आपण लावलाय, त्यामुळे हे म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना बोलतानाच कळत होतं.

मग तो आवाज, अतिशय संकोचाने, म्हणाला, "सॉरी." आणि फोन ठेवल्याची खट्‌ ऐकू आली, कानातही आणि व्हरांड्यापलीकडेही.

साहेबांनी फोन जागेवर ठेवला.

"कोण होतं?" आक्काने विचारलं.

"कोणी नाही. लाइन भलतीकडे लागली. होतं असं."

"बोललं ना कोणीतरी? मी ऐकलं."

"सॉरी म्हणालं."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी दूध मांजराने सांडलं म्हणून सांगितल्यावर ती असंच बघायची, आणि तेव्हा साहेबांना कधी टिकता आलं नव्हतं. "बाईचा आवाज होता?"

"नाही," ऑपरेटरसाहेब म्हणाले. "पुरुषाचा होता."

"नक्की?"

"माझा जन्म गेलाय आवाज ओळखण्यात, आक्का. पुरुषाचा होता. कोणी म्हातारा."

आक्काने हात खाली घेतला, पिशवी काखेत मारली आणि स्वेटरची बाही आत खोचली. "मग राँग नंबरच," ती म्हणाली. "चल. पण तुझा तो टीव्ही आधी बंद करायचा."

ती पुढे गेली. साहेबांनी तिचं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि समोरच्या दाराकडे न बघता वळले. वळताना त्यांचं पाऊल अडलं. इतकी वर्षं आपल्या बहिणीशी रोज बोलणाऱ्या त्या बाईंना आपण त्यांच्याच घरी राँग नंबर ठरवलं, आणि वर सॉरी त्याच म्हणाल्या. त्या दाराशी जाऊन माफी मागावी असं त्यांना फार वाटलं. पण मागायची तर आधी हाक मारावी लागली असती, म्हणून ते गुपचूप आक्काच्या मागून जिना उतरायला लागले.